कीटकांमधील ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डास-नियंत्रणात काम करणारे, कीटकशास्त्राचे विद्यार्थी आणि प्रयोगशाळेत पहिल्यांदाच हे विकर (एन्झाइम) मोजणारे यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेजला सगळीकडे जीएसटी म्हटले आहे. उदाहरणे बरीचशी मलेरिया पसरवणाऱ्या अॅनोफिलिस डासांतल्या जीएसटी-ई२ची (एप्सिलॉन वर्गातले एक जीएसटी, वर्ग प्रश्न २ मध्ये) आहेत. रचना, काम आणि प्रत्यक्ष डासांत दिसणारा परिणाम या तिन्ही गोष्टी सलग जोडून दाखवता येतील अशी कीटकांची विकरे फार थोडी आहेत, आणि हे त्यांपैकी एक.

१. जीएसटी नेमके काय करते?

ग्लुटाथायोन हा ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांचा छोटा रेणू. त्यातल्या सिस्टीनचा गंधक विषारी रेणूला जोडून देणे हे जीएसटीचे मुख्य काम. जोडणी झाली की ते विष पाण्यात सहज विरघळते, पेशीच्या पडद्यातले पंप त्याला बाहेर टाकतात आणि पुढे ते शरीराबाहेर जाते. पेशीत ग्लुटाथायोन साधारण १ ते १० मिलीमोलर इतके असते, त्यामुळे कच्च्या मालाची सहसा चणचण नसते. अनेक विषांच्या बाबतीत सायटोक्रोम पी४५० हे दुसरे विकर आधी ऑक्सिजन जोडते आणि जीएसटीचा हात नंतर लागतो. डीडीटीच्या बाबतीत मात्र जीएसटी थेट काम करते, आणि तेही जोडणी न करता. ते प्रश्न ५ मध्ये पाहा.

२. सगळ्या कीटकांत सारखीच जीएसटी असतात का?

नाही. पेशीद्रवातल्या जीएसटींचे कीटकांमध्ये सहा मुख्य वर्ग आहेत : डेल्टा, एप्सिलॉन, ओमेगा, सिग्मा, थीटा आणि झीटा. कीटकनाशकांच्या प्रतिकाराशी सर्वांत जास्त संबंध डेल्टा आणि एप्सिलॉनचा येतो. ड्रोसोफिला या फळमाशीत या दोन वर्गांची मिळून पंचवीसच्या आसपास जनुके आहेत. मधमाशीत एप्सिलॉन वर्ग नाहीच आणि डेल्टाही नावापुरताच, म्हणून एका कीटकावरचा निष्कर्ष दुसऱ्यावर तसाच लावू नये.

पडद्यात रुतलेली ‘मायक्रोसोमल’ जीएसटी वेगळ्या घराण्याची आहेत. त्यांची रचना तीन एककांची असते. नावावरून त्यांना याच कुटुंबात धरू नका.

३. या विकराची रचना कशी असते?

एक एकक २३ ते २७ किलोडाल्टनचे असते आणि दोन एकके मिळून कामाचे विकर तयार होते. ही जोडी सहसा एकाच वर्गातल्या एककांची जमते. प्रत्येक एककात स्वतःचे क्रियास्थळ असते, म्हणजे एका रेणूत दोन.

प्रत्येक एककाचे दोन भाग पडतात. सुरुवातीच्या भागात बीटा-पट्ट्या आणि अल्फा-हेलिक्स एकाआड एक येतात. ही घडी थायोरेडॉक्सिन या प्रथिनासारखी असते. ग्लुटाथायोन इथे बसते, म्हणून या जागेला जी-स्थळ म्हणतात. पुढचा भाग सगळा अल्फा-हेलिक्सचा आहे. त्यात विष बसण्याची तेलकट खोबण असते, तिला एच-स्थळ म्हणतात. जी-स्थळ वर्गावर्गांत फारसे बदलत नाही, कारण ग्लुटाथायोन सगळीकडे तेच. एच-स्थळ मात्र खूप बदलते. एकच जीएसटी डीडीटी फोडते आणि तिच्या शेजारच्या जनुकाची जीएसटी त्याला हातही लावत नाही, याचे कारण या खोबणीत शोधावे.

कीटकाच्या जीएसटीची पहिली स्फटिकरचना १९९५ मध्ये आली. ती ऑस्ट्रेलियात मेंढ्यांना छळणाऱ्या ल्युसिलिया क्युप्रिना या माशीच्या जीएसटीची होती. त्या वेळी ते विकर थीटा वर्गात धरले गेले, आज ते डेल्टात मोडते. जुना शोधनिबंध वाचताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर वर्गांचा गोंधळ उडतो. अॅनोफिलिस गॅम्बीच्या जीएसटी-ई२ची रचना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली.

४. क्रियास्थळात सेरीन असते की टायरोसीन? पुस्तकांत दोन्ही लिहिलेले सापडते.

दोन्ही बरोबर, वर्ग वेगळे. डेल्टा, एप्सिलॉन आणि थीटात सेरीन, सिग्मात टायरोसीन, ओमेगात सिस्टीन. सस्तन प्राण्यांच्या अल्फा, म्यू आणि पाय वर्गांतही टायरोसीन असते. मानवी जीएसटीवरून लिहिलेल्या पुस्तकात म्हणूनच टायरोसीन दिसते.

ग्लुटाथायोनच्या गंधकावरचा हायड्रोजन सहजी सुटत नाही. मोकळ्या द्रावणात त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू हायड्रोजन सोडतात तो आकडा) ९च्या आसपास असतो, म्हणजे पेशीच्या पीएचला बहुतेक गंधक हायड्रोजन धरूनच राहतो आणि त्यामुळे निष्क्रिय असतो. विकरात सेरीनचा हायड्रॉक्सिल गट त्या गंधकाशी हायड्रोजन बंध जुळवतो, ऋणभारित गंधक स्थिर होतो आणि पीकेए ६ ते ७ पर्यंत खाली येतो. आता गंधक हल्ला करायला तयार असतो. ल्युसिलियात हे सेरीन ९व्या, तर अॅनोफिलिस गॅम्बीच्या जीएसटी-ई२त १२व्या स्थानी आहे. ते बदलून अॅलानीन घातले की क्रिया बहुतेक संपते. रचनेवर काम करणाऱ्यांनी हे उत्परिवर्तित विकर नियंत्रण म्हणून जवळ ठेवावे.

५. डीडीटीचे नेमके काय होते? ग्लुटाथायोन त्याला जोडले जाते का?

शेवटी तयार होणाऱ्या रेणूत ग्लुटाथायोन नसते. इथे जीएसटी डीडीटीमधून हायड्रोजन क्लोराइड काढून टाकते. सक्रिय गंधक डीडीटीच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन उचलतो, शेजारच्या कार्बनवरचा एक क्लोरीन निघून जातो आणि दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध तयार होतो. डीडीटीचे रेणूवजन ३५४.५, त्यातून ३६.५ गेले की ३१८चे डीडीई उरते. डीडीई कीटकाच्या मज्जातंतूंवर डीडीटीसारखे काम करत नाही, म्हणून कीटक वाचतो. ग्लुटाथायोन पुन्हा जसेच्या तसे मोकळे होते.

याचे दोन परिणाम लक्षात ठेवायला हवेत. एक, या क्रियेत ग्लुटाथायोन खर्च होत नाही, पण ते नसेल तर क्रिया होतच नाही. त्यामुळे ‘ग्लुटाथायोन किती घटले’ हे मोजून डीडीटीचे विघटन कळणार नाही. दोन, कीटक वाचला म्हणजे विष नाहीसे झाले असे नव्हे. डीडीई पर्यावरणात फार काळ टिकते आणि पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होण्याशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे.

घरमाशीत हे काम करणाऱ्या विकराला आधी ‘डीडीटी-डीहायड्रोक्लोरिनेज’ असे वेगळे नाव होते. ते जीएसटीच आहे, हे नंतर कळले.

६. एल११९एफ उत्परिवर्तनाची इतकी चर्चा का होते?

अॅनोफिलिस फ्युनेस्टस या आफ्रिकी डासाच्या जीएसटी-ई२ जनुकात एका जागी सी ऐवजी टी आला, म्हणजे सीटीटीचे टीटीटी झाले. ११९व्या स्थानी ल्युसीनच्या जागी फेनिलअॅलानीन बसले. बेनिन देशातल्या डीडीटीला दाद न देणाऱ्या डासांत हे रूप सापडले आणि २०१४ मध्ये त्याची सगळी साखळी मांडली गेली : जनुक, प्रथिनाची रचना, डीडीटी फोडण्याचा वेग, आणि हेच जनुक ड्रोसोफिलात घातल्यावर माश्यांना मिळालेला प्रतिकार.

फेनिलअॅलानीन हे ल्युसीनपेक्षा मोठे. मोठे अमिनो आम्ल आले तर खोबण लहान व्हावी, असे कुणालाही वाटेल. स्फटिकरचनांची तुलना केली तेव्हा प्रतिकारक रूपात डीडीटीची खोबण उलट मोठी आणि तिचे तोंड अधिक मोकळे दिसले. क्रम वाचून आकाराचा अंदाज बांधू नका, रचना पाहा, असे आम्ही विद्यार्थ्यांना सतत सांगतो ते याचमुळे.

हे उत्परिवर्तन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या डासांत आढळते. दक्षिण आफ्रिकी प्रदेशातले फ्युनेस्टस डास डीडीटीला बळी पडत होते आणि त्यांच्यात ते सापडले नव्हते.

७. मग आमच्या भागातल्या डासांतही एल११९एफची पीसीआर चाचणी करावी का?

थेट नको. ती चाचणी फ्युनेस्टससाठी बनवली आहे. अॅनोफिलिस गॅम्बीत ११४व्या स्थानी आयसोल्युसीनचे थ्रिओनीन होते, हा वेगळाच बदल आहे. भारतातल्या ग्रामीण मलेरियाचा मुख्य वाहक अॅनोफिलिस क्युलिसिफेसिस. त्याच्यात आधी जीएसटी-ई२चे पूर्ण जनुक वाचावे, बळी पडणाऱ्या आणि वाचणाऱ्या डासांत फरक आहे का ते पाहावे, आणि मगच चाचणी बनवावी. दुसऱ्या प्रजातीचे प्रायमर (पीसीआरसाठी जनुकाला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) लावून ‘उत्परिवर्तन नाही’ असा अहवाल देणे चुकीचे आहे. प्रायमर बसलेच नसतील, तर त्या निकालाला काही अर्थ नाही.

८. प्रतिकार विकर जास्त बनल्याने येतो की चांगले बनल्याने?

दोन्ही रस्ते आहेत, आणि अनेकदा ते एकत्र सापडतात. झांझिबारच्या डीडीटी-प्रतिकारक अॅनोफिलिस गॅम्बी वाणात जीएसटी-ई२ वाढलेले आढळले. बेनिनच्या फ्युनेस्टसमध्ये प्रमाणही वाढलेले आणि रूपही बदललेले. म्हणून फक्त क्यूपीसीआर (जनुक किती चालते हे मोजणारी चाचणी) करून थांबू नका. जनुकाचा क्रमही वाचा.

९. पायरेथ्रॉइड आणि ऑरगॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांवर जीएसटीचा किती परिणाम होतो?

ऑरगॅनोफॉस्फेटवर बऱ्यापैकी. जीएसटी त्यांचा अल्किल किंवा अरिल गट काढून ग्लुटाथायोनला जोडते. घरमाशीत आणि कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगात हे चांगले अभ्यासलेले आहे.

पायरेथ्रॉइडवर परिणाम बहुधा आडवळणाने होतो. मुख्य तोड पी४५० आणि एस्टरेज करतात. जीएसटी पायरेथ्रॉइडला पकडून ठेवते किंवा त्याच्यामुळे बिघडलेल्या पेशींच्या स्निग्ध पदार्थांची घाण निस्तरते. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यात हा दुसरा प्रकार दाखवला गेला आहे. पायरेथ्रॉइडला प्रतिकार आणि वाढलेली जीएसटी एकाच डासात दिसली, तरी एकामुळे दुसरे घडले असे लगेच धरू नये.

१०. डास डीडीटीने मरत नाहीत. कारण केडीआर आहे की जीएसटी, हे कसे ओळखायचे?

केडीआरमध्ये (नॉकडाउन रेझिस्टन्स) मज्जातंतूंची सोडियम वाहिनीच बदललेली असते, डीडीटीचे विघटन होत नाही. त्या वाहिनीवर डीडीटी आणि पायरेथ्रॉइड दोन्ही काम करत असल्याने केडीआरने दोन्हींना प्रतिकार येतो. फक्त डीडीटीला भारी प्रतिकार आणि परमेथ्रिन या पायरेथ्रॉइडने मात्र डास मरतात, असे दिसले तर संशय आधी जीएसटीवर घ्यावा.

क्रम असा ठेवा. ४ टक्के डीडीटीच्या कागदावर १ तास, मग २४ तासांनी मृत्यू मोजा. ९८ टक्के किंवा जास्त मेले तर डास बळी पडणारे, ९० टक्क्यांहून कमी मेले तर प्रतिकार पक्का. त्यानंतर सोडियम वाहिनीच्या १०१४व्या स्थानाची केडीआर तपासणी, आणि मग प्रश्न १४ मधली डीडीटीवरची क्रिया. एकाच डासात दोन्ही यंत्रणा असू शकतात, म्हणून केडीआर सापडल्यावर पुढची तपासणी सोडून देऊ नका.

११. जीएसटीची क्रिया मोजण्याची साधी पद्धत सांगा, प्रमाणांसह.

सीडीएनबी, म्हणजे १-क्लोरो-२,४-डायनायट्रोबेंझीन, ग्लुटाथायोनशी जोडले गेले की ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषते. त्यावर ही पद्धत उभी आहे. १ मिलिलिटरच्या क्युव्हेटसाठी :

१०० मिलीमोलर सोडियम फॉस्फेट बफर, पीएच ६.५, १ मिलीमोलर ईडीटीएसह : ८६० मायक्रोलिटर.
५० मिलीमोलर ग्लुटाथायोन, त्याच बफरमध्ये (१५.४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर), त्याच दिवशी केलेले आणि बर्फावर ठेवलेले : १०० मायक्रोलिटर.
विकराचे द्रावण : २० मायक्रोलिटर.
५० मिलीमोलर सीडीएनबी, इथेनॉलमध्ये (१०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर) : २० मायक्रोलिटर, सर्वांत शेवटी.

२५ अंश सेल्सिअसला, उलटसुलट करून मिसळल्याबरोबर, दर १५ सेकंदांनी ३ ते ५ मिनिटे वाचन घ्या. प्रत्येक वेळी विकराऐवजी बफर घातलेले कोरे नियंत्रण चालवा, कारण सीडीएनबी आणि ग्लुटाथायोन विकराशिवायही हळूहळू जुळतात. पीएच ६.५ ठेवण्याचे कारण हेच. ७.५ला ही आपोआप होणारी जोडणी बरीच वाढते.

सीडीएनबी त्वचेला कायमची अॅलर्जी लावू शकते. नायट्राइल हातमोजे घाला आणि वजन फ्यूम हूडमध्येच करा.

१२. आकडा कसा काढायचा?

नमुन्याचा उतार प्रति मिनिट ०.१०८ आला आणि कोऱ्या नियंत्रणाचा ०.०१२, तर निव्वळ ०.०९६. त्याला ९.६ने भागा, कारण १ सेंटिमीटर मार्गासाठी गुणांक ९.६ प्रति मिलीमोलर प्रति सेंटिमीटर आहे. उत्तर ०.०१ मिलीमोलर प्रति मिनिट, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ०.०१ मायक्रोमोल प्रति मिनिट. विकराच्या २० मायक्रोलिटरमध्ये ०.०१ मिलिग्रॅम प्रथिन असेल तर क्रिया १ मायक्रोमोल प्रति मिनिट प्रति मिलिग्रॅम.

९६ खणांच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटर द्रावणाचा मार्ग साधारण ०.६ सेंटिमीटर असतो, म्हणून ९.६ऐवजी ५.७६ने भागावे. अहवालांत सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. ती झाली की क्रिया खऱ्यापेक्षा ४० टक्के कमी दिसते.

१३. वाचने एकसारखी येत नाहीत. काय बिघडते?

बहुतेक वेळा पुढीलपैकी एखादी गोष्ट असते.

बफरमध्ये डीटीटी (डायथायोथ्रायटॉल, डीडीटी नव्हे) किंवा मर्कॅप्टोइथेनॉल राहिले आहे. त्यांचा गंधक सीडीएनबीशी स्वतःच जुळतो आणि कोरे नियंत्रण चढते. विकर काढताना हे घातले असेल तर मोजणीआधी डायलिसिस करा.

सीडीएनबी घातल्यावर द्रावण गढूळ झाले आहे. सीडीएनबी पाण्यात नीट विरघळत नाही. ते हळूहळू घाला, लगेच मिसळा, पण इथेनॉल ५ टक्क्यांवर नेऊ नका.

अळ्यांचा अर्क काळा पडतो. फिनॉल ऑक्सिडेज क्विनोन तयार करते आणि ते ग्लुटाथायोन खातात. घाटेअळीसारख्या अळीचे मधले आतडे बर्फावर काढा, १.१५ टक्के पोटॅशियम क्लोराइडने धुवा, आणि अर्काच्या बफरमध्ये १ मिलीमोलर फेनिलथायोयुरिया व १ मिलीमोलर पीएमएसएफ घाला. अख्खी अळी चिरडू नका, आतड्यातल्या पानांचे जीएसटीही मोजले जाते. वनस्पतींतही जीएसटी भरपूर असते, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

चाचणीत मेलेले डास वापरले आहेत. मेल्यावर प्रथिने झपाट्याने मोडतात. कीटकनाशक न लागलेल्या, रक्त न पिलेल्या, २ ते ५ दिवसांच्या माद्या थेट उणे ८० अंशांत गोठवा.

उतार सुरुवातीलाच वाकतो. विकर जास्त झाले आहे, दहापट पातळ करून पुन्हा मोजा.

१४. सीडीएनबीवरची क्रिया दुप्पट आहे, तरी डास डीडीटीने मरतात. हे कसे?

सीडीएनबी बहुतेक डेल्टा आणि एप्सिलॉन जीएसटींना चालते, त्यामुळे अर्कातल्या डझनभर विकरांची ती बेरीज असते. डीडीटी फोडणारे त्यातले एखाददुसरेच. बेरीज वाढली म्हणून ते एक वाढले, असे होत नाही. याच्या उलटही घडते : जीएसटी-ई२ चांगले वाढलेले असते आणि बेरजेत ते दिसतही नाही. सिग्मा वर्ग तर सीडीएनबीवर फारसा चालत नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. सीडीएनबीचा आकडा ही पहिली चाळणी, प्रतिकाराचा पुरावा नव्हे. पुरावा हवा असेल तर विकराला डीडीटी आणि ग्लुटाथायोनसोबत ठेवा, सेंद्रिय द्रावकाने अर्क काढा आणि एचपीएलसीवर (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणारे यंत्र) डीडीई मोजा. ग्लुटाथायोन नसलेले नियंत्रण सक्तीने ठेवा. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते नळीच्या काठाला चिकटते. म्हणून किती डीडीटी घटले यावर न जाता किती डीडीई तयार झाले ते मोजा.

१५. विकर शुद्ध करताना पीजेक्स वाहक वापरू का?

नको. पीजेक्स हा प्रथिन बनवून घेण्यासाठीचा डीएनए-वाहक आहे, आणि त्यातला शेपटीसारखा जोडलेला भाग म्हणजे शिस्टोसोमा जॅपोनिकम या कृमीची जीएसटीच आहे, साधारण २६ किलोडाल्टनची, आणि ती सीडीएनबीवर जोरात चालते. तुमच्या विकराची क्रिया मोजताय की कृमीच्या, हे कळणार नाही. हिस्टिडीनची शेपटी लावा.

ग्लुटाथायोन-अॅगरोजवर काही डेल्टा आणि एप्सिलॉन जीएसटी धरतच नाहीत, त्यामुळे स्तंभातून वाहून गेलेले द्रावण फेकून देऊ नका, तेही मोजा. १० मिलीमोलर ग्लुटाथायोनने काढलेले विकर डायलिसिसशिवाय वापरले, तर प्रश्न ११ मधली प्रमाणे बिघडतात.

१६. डायइथिल मॅलिएट दिल्यावर प्रतिकार घटला. म्हणजे कारण जीएसटीच ना?

तेवढ्यावरून म्हणता येत नाही. डायइथिल मॅलिएट ग्लुटाथायोनच संपवते, त्यामुळे ग्लुटाथायोनवर चालणारी प्रत्येक क्रिया मंदावते आणि कीटक एकूणच अशक्त होतो. फक्त डायइथिल मॅलिएट दिलेला गट ठेवा आणि त्यात मृत्यू होणार नाही इतकाच डोस निवडा. मच्छरदाण्यांत मिसळले जाणारे पिपरोनिल ब्युटॉक्साइड पी४५० रोखते. जीएसटीमुळे आलेल्या डीडीटी-प्रतिकारावर त्याची आशा धरू नये.

१७. भारतात डीडीटी बंद आहे, मग याचा उपयोग काय?

शेतीसाठी १९८९ मध्ये बंदी आली, रोगवाहक कीटकांसाठी वापर चालू राहिला. डीडीटी बनवणाऱ्या हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीचा एक कारखाना रायगड जिल्ह्यातल्या रसायनीत होता. दशकानुदशके झालेल्या फवारणीतून डासांत निवडली गेलेली जनुके फवारणी थांबवल्यावर लगेच नाहीशी होत नाहीत. ती इतर विषांवरही काही प्रमाणात काम करतात, फ्युनेस्टसचे ११९एफ रूप परमेथ्रिनवर करते तसे. पुढचे औषध निवडताना ही माहिती हाताशी लागते.

१८. जीएसटी पूर्ण रोखली तर कीटक फक्त विषाला बळी पडेल, की आणखी काही होईल?

कोणती जीएसटी रोखली त्यावर अवलंबून आहे. ड्रोसोफिलातली जीएसटी-ई१४, जिला नोप्पेरा-बो म्हणतात, एप्सिलॉन वर्गातली असूनही कात टाकण्याच्या एक्डायसोन संप्रेरकाच्या निर्मितीसाठी लागते. ती नसेल तर भ्रूणच मरतो. ओमेगा वर्गातले एक जनुक डोळ्यांचा लाल रंग बनवण्यात भाग घेते, ते बिघडले की डोळे तपकिरी होतात. सिग्मा उडण्याच्या स्नायूंत मोठ्या प्रमाणात असते आणि तिथे स्निग्ध पदार्थांच्या ऑक्सिडीकरणातून निघालेले विषारी अल्डिहाइड निष्प्रभ करते.

त्यामुळे आरएनएआयने (दुहेरी आरएनए देऊन जनुक बंद करण्याची पद्धत) एखादी जीएसटी बंद केल्यावर कीटक मेले, तर आधी विष न दिलेल्या गटाकडे पाहा. तिथेही मृत्यू वाढले असतील, तर तुम्ही प्रतिकाराचे विकर नव्हे, जगण्याचे विकर बंद केले आहे. आणि एप्सिलॉन वर्गातल्या शेजारच्या जनुकांचे क्रम इतके जुळतात की एका जनुकासाठी बनवलेला दुहेरी आरएनए दुसऱ्यालाही गाठतो. म्हणून लक्ष्य केलेल्या जनुकासोबत त्याच समूहातल्या निदान दोन जनुकांची क्यूपीसीआर करून पाहा.